भरडा

मार्केट यार्डात, भुसार विभागात, बोथराशेठच्या गाळ्यावर
दोन पोत्यांची तोंडं उघडी.
एकात मका : पिवळा, तुळतुळीत,
स्वतःचा भाव ठाऊक असलेला.
दुसऱ्यात जव,
अंगावर कूस, पोत्यावर राजस्थानी अक्षरांचा शिक्का,
बिअरवाल्यांनी दाणा बारीक म्हणून परत केलेला.

"मका सव्वीस. जव बावीस."
"मागच्या बुधवारी मका तेवीस होता."
"मागच्या बुधवारी इथेनॉलवाले आले नव्हते, वहिनी."
तो हसतो.
माझ्या ॲक्टिव्हाच्या टाकीतही
थोडा मका असेलच की मग,
म्हणजे म्हशींचा घास जाळतच
मी मुंढव्याहून इथवर आले.

पायाशी एकच पोतं मावतं.

मूठ भरून बघते. जव टोचतो.
मक्यावर मोरी अर्धा लिटर जास्त देते,
पण डेअरीतल्या यंत्रावर फॅट घसरतं,
आणि बाशिंगी रवंथ करायची थांबते,
कुशीवर थाप मारली तर ढोल वाजतो.
जवावर शेण कसं बसतं तसं बसतं.
लिटर, फॅट, शेण :
तीन वेगळ्या वह्या, बेरीज एकीत.

आणि जव भरडायलाच हवा.
मागच्या वर्षी भरडाईचे किलोला दोन रुपये
वाचवले मी. अख्खाच घातला.
जसा गेला तसाच बाहेर आला;
दहा दिवसांत उकिरड्यावर
हिरवंगार वीतभर पीक.
सासरे काठीनं दाखवत म्हणाले,
"सुगंधा, सातबारा करून घे याचा."
आठवडाभर गल्लीत तेच.
बाशिंगीनं मात्र दावं तोडून
ते सगळं खाल्लं, चव घेत घेत.
एकाच पैशात दोनदा जेवली ती.

"काय देऊ?" शेठचा पोऱ्या आकडा घेऊन उभा.
हमालाचा घाम पोत्यावर पडून
लगेच दिसेनासा होतो.
"जव," मी म्हणते, "आणि पाच किलो मका,
सुट्टा. पिशवीत."
सुट्टा मिळत नाही म्हणतात.
मी उभीच राहते. मिळतो.

गिरणीत सोपानराव पट्टा चढवतो.
पांढरट धूळ भुवयांवर, ब्लाउजच्या शिवणीत.
भरडा गरम पडतो हातावर.
चिमूटभर जिभेवर टाकते :
खरखरीत, मागून किंचित गोड.

मोरीचं मत संध्याकाळी कळेल.