एक ठिपका जास्तीचा

मार्च संपत आला की मुंबईहून लिंक येते.
अंबडच्या गोडाऊनवरल्या खोलीत मी संगणक उघडतो
आणि नाशिक जिल्हा हळूहळू उमटतो,
आधी रस्ते, मग नद्यांच्या निळ्या शिरा,
मग आमची दुकानं, बाराशे चाळीस ठिपके.
कुकरच्या शिट्ट्या, गॅस्केट, हँडल
एवढंच विकतो आम्ही,
पण नकाशा बघावा तर जणू स्वारीची तयारी.

'समतोल करा' असं एक बटण आहे.
ते दाबलं की जिल्हा आठ माणसांत वाटला जातो,
चहा यायच्या आत.
आमच्या चुलत्यांच्या वाटणीला अकरा वर्षं लागली,
आणि बांध अजून कोर्टात आहे.

मालेगाव, नांदगाव जांभळं : वाजिद मोमीन.
पेठ, सुरगाणा हिरवं : रोहिदास गावित,
त्याचं गाव तिकडचंच, हे यंत्राला ठाऊक नव्हतं,
जमून गेलं.
द्वारकेवर मात्र रेघ रस्त्याच्या मधोमध गेली
आणि समोरासमोरची लोढांची दोन दुकानं
दोन वेगळ्या रंगांत पडली.
सख्खे भाऊ. सहा वर्षं बोलत नाहीत.
हे याला कुणी सांगितलं?

खैरनारांची वणी लाइन गेली.
दिंडोरी, वणी, कळवण, अभोणा. सत्तावीस वर्षं.
आता त्यांना सिडको, पाथर्डी फाटा,
घराजवळ, गुडघ्यांना बरं,
असं सगळं मी मनात घोकून ठेवलं होतं.
त्यांनी विचारलंच नाही.
खुर्ची ओढली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला,
म्हणाले, शेरा लिहायला जागा असते ना यात?
पोरीला उपयोगी पडेल.

पोरगी म्हणजे प्रणोती शिरसाठ. तेवीस वर्षांची,
ओळखपत्राच्या पट्टीची घडीसुद्धा मोडली नाही अजून.

ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो.
एका शेऱ्याला पन्नास अक्षरं, जास्त मावत नाहीत.

'दुपारी दोन ते चार झोपतो. शटर वाजवू नये.'
'मालकाला ऐकू येत नाही. सुनेशी बोलावं.'
'द्राक्षं निघाल्यावर पैसा. आधी तगादा नको.'
'पुढच्या बुधवारी देतो म्हणतो. बुधवारीच देतो.'
'चैत्रात गडाची गर्दी. गाडी लांब लावावी.'
'यांचा मुलगा गेला. भिंतीवरच्या फोटोकडे बघू नये.'

इथे ते थांबले.
खाली कुणीतरी खोकी मोजत होतं, बेचाळीस, त्रेचाळीस,
पुन्हा बेचाळीस.
'नाही,' खैरनार म्हणाले,
'बघावं. बघावं असं लिहा.'

मग पडद्यावर बोट टेकवलं,
दिंडोरीच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं.
इथे एक ठिपका टाका.
दुकान झालं का नवीन?
छे. चिंच आहे. खाली बाकडं.
नळाला बारा महिने पाणी असतं.
डबा इथे खायचा, वणीत जाऊन खाऊ नको म्हणावं,
तिथं कुणी ना कुणी घरात बोलावतं,
मग दोन दुकानं राहतात.

यंत्राला ग्राहक-प्रकार हवा होता. किरकोळ, घाऊक, इतर.
मी इतर केलं.
मासिक विक्री शून्य.
समतोल सत्त्याण्णवचा शहाण्णव झाला
आणि लाल अक्षरांत सूचना आली :
या ठिकाणामुळे वेळ वाया जातो. काढून टाकायचं?

खैरनार पिशवीत चष्म्याचं घर शोधत होते.
मी 'नाही' दाबलं,
ते पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा दिसला
काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा,
वणीच्या रस्त्यावर आडवा,
प्रमाणपट्टीनुसार साधारण चार किलोमीटर रुंद.