तराजूस हात लावल्यास

प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी मीच लिहिली,
चौऱ्याण्णव साली, निळ्या ऑइलपेंटनं:
‘तराजूस हात लावू नये. लावल्यास कारण सांगावे.’
रास्ता पेठेतली शाळा, मी तिथला लॅब अटेंडंट, ढमढेरे.
दहावीला विज्ञानात मला एकतीस होते.
चार मार्क कुठे गेले, ते अजून कळलेलं नाही.

मुजावर बाई गेल्या जूनमध्ये आल्या
आणि नववी ‘क’ला त्यांनी चार दिवस खोटं शिकवलं.
खोटं म्हणजे जुनं.
अडीच-तीनशे वर्षांपूर्वी शहाणी माणसं छातीठोक सांगायची ते:
जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक द्रव्य कोंडलेलं असतं,
पेटवलं की ते सुटतं,
मागे राहते रिकामी राख.
फ्लॉजिस्टॉन. पोरांनी नाव चवीनं चघळलं.

आणि काय सांगू, पटत होतं.
लाकूड जळून मूठभर का होतं? सुटलं.
कोळशाची राख इतकी थोडी का? तेच तर ठासून भरलेलं त्यात.
काचेच्या हंडीखाली मेणबत्ती का विझते?
आतली हवा भरली, आता मावत नाही,
स्वारगेटच्या साडेसहाच्या बससारखी.
(हे सिद्धेश बनकरचं. त्याला शाबासकी मिळाली.)
मागे उभा राहून मी परीक्षानळ्या पुसत होतो
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला सगळं समजत होतं.

शुक्रवारी बाई म्हणाल्या, ढमढेरे, मॅग्नेशिअमची फीत काढा.
आधी तोलली: चोवीस शतांश ग्रॅम.
मुशीत ठेवली, झाकण घातलं, बर्नर लावला.
जळल्यावर हलकी भरणार, वर्गानं वहीत आकडेही लिहिलेले,
कुणी वीस, कुणी दहा,
ओवी खळदकरनं पैजेवर सात.

भरली अडतीस.

‘काका, तराजू बिघडलाय.’

मला लागलं ते.
मऊ कापडाशिवाय मी ती पारडी कधी पुसली नाहीत.
पण पोरांनी हात लावला. कारण सांगितलं.
शून्य पाहिलं, पारड्यांची अदलाबदल केली,
एकच खडू पाच वेळा तोलला.
तराजू निर्दोष सुटला. मी तोंड वळवून डोळे पुसले,
धूर होता म्हणा.

मग मागच्या बाकावरून साकिब:
‘त्या द्रव्याचं वजनच उलटं असेल, शून्याच्या खाली.
ते गेलं, म्हणून वस्तू जड झाली.’
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
फळ्यावर लिहिलं त्यांनी ते, खाली साकिबचं नाव, तारीख.
म्हणाल्या, तेव्हाही काहींनी हेच म्हणून पाहिलं होतं.
लाडकं मत सुटता सुटत नाही.
बरं, हे खरं असेल, तर आणखी काय काय दिसायला हवं?

घंटा मीच द्यायची होती. दिली
बारा मिनिटं उशिरा. रजिस्टरला नोंद आहे.

सोमवारी खळदकर आले, कोंढव्याहून, पेट्रोल जाळत.
‘चार दिवस चुकीचं शिकवलंत. परीक्षेला आहे का हे?’
नाही, बाई म्हणाल्या.
‘मग?’
ओवी दारात होती, हातात वही.
‘बाबा, हवेतलं काहीतरी येऊन चिकटतं, तो हिशेब केला
तर चाळीस भरायला हवे होते.
दोन धुरात गेले की काय, ते बघायचंय. तुम्ही जा.’

परवा पर्वती पायथ्याशी सायकल जड गेली.
मी ते वयावर ढकलत आलोय.
बाई एकदा जाता जाता बोलल्या होत्या,
गंजणं म्हणजेही एक जळणंच, फार सावकाश.
दांडीवर बोट फिरवलं: तांबूस पूड.
म्हणजे इतकी वर्षं या गावची हवा
मी अंगावर घेऊन चढवतोय की काय?
पण नवी होती तेव्हा हिला कुणी तोललं होतं?

म्हणून एक नवा खिळा घेतलाय.
वजन आणि तारीख लिहून,
खिडकीत, ओल्या कापसावर.
बाईंना अजून बोललो नाही.