चार मिनिटांचं पाणी

व्हॉल्व्ह माझ्या हातात असतो.
स्टँडच्या मागे, पत्र्याच्या खोलीत, लाल चाक.
अडीच वेळा फिरवायचं, मग थोडं मागे घ्यायचं,
कारण ते जुनं आहे
आणि शेवटपर्यंत ताणलं की माझ्यासारखंच कुरकुरतं.

बुलावायोत या आठवड्यात सहा देशांच्या पोरी आल्यात.
घानाच्या बसमधून उतरल्या त्या गातच.
केनियाच्या गप्प, कानांत बोंडं.
नामिबियाची गोलकीपर, दाराएवढी उंच,
खोलीत डोकावून म्हणाली, इथं चहा कुठं मिळतो?
माझ्या थर्मासमधला दिला.
साखर कमी आहे म्हणाली. आहेच.

टर्फ निळं. ओलं नसेल तर चेंडू उड्या मारतो,
पडलं की कातडी टर्फलाच राहते.
म्हणून सामन्याआधी चार मिनिटं, मध्यंतरात दोन.
आठ तोफा, पाण्याच्या.
माझ्या गल्लीला मंगळवारी येतं त्याहून जास्त,
आणि मंगळवारी येतंच असंही नाही.

जाळीपलीकडे बोअरवेलची रांग.
पिवळे कॅन, एकमेकांना दोरीनं बांधलेले.
माणसं घरी, कॅन रांगेत.
कॅनांचेही नंबर असतात, कॅनांवरूनही भांडणं होतात.
जुलैचा वारा धूळ आणतो, ती आधी त्यांच्यावर बसते,
मग आमच्यावर.

मी चाक फिरवते.
पाणी वर जातं, उन्हात मोडतं, खाली येतं,
आणि पलीकडचं बोलणं थांबतं.
रोज थांबतं.
कुणी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.
एक म्हातारी तर हसून हात वर करते,
जसं काही थेंब तिच्यापर्यंत पोचणार आहेत.

शनिवारी तिसऱ्या जागेसाठी आमच्या पोरी, समोर केनिया.
मध्यंतरात मी चाक दीड वेळाच फिरवलं.
कुणाला कळणार होतं?
टाकीत थोडं उरलं तर रात्री पाइप जाळीबाहेर सोडता आला असता.
असं मी दोन दिवस ठरवत होते.

तेवढ्यात जाळीला धरून मान्कुबे ओरडली.
तीन रिकामे कॅन पायाशी, डोक्याला फडकं.
"अगं ए, नीट फिरव ते चाक!
परवा माझ्या सिथाबिलेचा गुडघा सोलला,
धुवायला घरात पेलाभर नव्हतं!"

रांग हसली. मग मीही.
चाक फिरवलं, शेवटपर्यंत.
कुरकुरलं, कुरकुरू दे.

माझ्या खोलीतून मैदानाचा एकच कोपरा दिसतो,
बाकी सगळा सामना मी कानांनी बघते.
शिट्टी. स्टिकवर स्टिक.
मग नंबर चौदा त्या कोपऱ्यात आडवी झेपावली,
पाण्याची एक भिंत तिच्याबरोबर उठली
आणि भिंतीपलीकडे चेंडूचं काय झालं
ते काही मला दिसलं नाही.
स्टँडमधून आवाज आला.
आनंदाचा की दुसरा, भिंतीतून सगळे आवाज सारखेच.

संध्याकाळी झेंडे उतरवले,
अंपायरबाई गाडीत बसून बूट बदलत होत्या.
टर्फच्या कडेच्या नालीत पोरं
डब्यांच्या झाकणांनी उरलेलं पाणी गोळा करत होती.
ते फरशीला चालतं, टोमॅटोला चालतं.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

मान्कुबेचा नंबर तेव्हा कुठे लागला होता.
सिथाबिले आली, अजून ओल्या मोज्यांत,
स्टिक दोन कॅनांच्या कड्यांतून घातली.
क्लबची स्टिक, मोडली तर भरून द्यावी लागेल.
एका टोकाला आई, एका टोकाला लेक.

मी विचारलं, "काय झालं गं शेवटी?"
ती मान वळवणार, एवढ्यात आई म्हणाली,
"पुढे बघ. सांडेल."