राखीव

तू आलीस आणि मी बाकावर बसले.
एवढं आधीच सांगून टाकते,
पुढचं ऐकताना हिशेबात धर.

ऑगस्टची अखेर. खडकीच्या मैदानात
गोलपोस्टपाशी डबकं साचलेलं.
तू बूट काढलेस, मोजे काढलेस,
अंगठ्याने चिखल चाचपून पाहिलास,
कापड घेताना बाई बोटांत चुरगळून बघते तसा.

नाव? नकातो.
जुळ्यांतल्या धाकटीचं आमच्यात हेच नाव असतं, म्हणालीस.
थोरली बाबिर्ये, ती तिकडे जिंजाला
नदीजवळ शिवणाचं दुकान चालवते.
दुकानाला तुम्हीही 'दूका'च म्हणता
हे ऐकून कोच सर इतके खूश झाले
की त्या दिवशी राउंड मारायचे राहिलेच.

कट्ट्यावरच्या पोरांनी पहिल्याच मॅचला
नावाची वाट लावली :
"नको तो! नको तो!"
मी हसले होते.
पाण्याची बाटली तोंडाला लावून, कुणाला दिसू नये असं,
पण हसले होते.

पिंपळे गुरवमध्ये तीन घरं पाहिली तुझ्यासाठी.
पहिल्या घरी अचानक पाहुणे येणार होते,
दुसऱ्या घरी मुलाचं लग्न निघालं.
तिसऱ्याने डिपॉझिट मागितलं पन्नास हजार
आणि वर, इथे मटण-मच्छी चालणार नाही.
मला फक्त कच्ची केळी लागतात, उकडून, तू म्हणालीस.
तो गोंधळला. मला बाजूला घेऊन विचारतो,
यांचा रोजच उपास असतो का?

एक गोष्ट कुणी सांगत नाही तुझ्याबद्दल :
तू फारशी धावायचीच नाहीस.
चालायचीस. वाणसामान आणायला निघाल्यासारखी,
इकडे बघ, तिकडे बघ,
आणि डिफेंडरची मान वळली रे वळली
की तिच्या पाठीमागच्या हातभर जागेत तू, आणि चेंडू.
मी बाकावरून तेच बघत बसायचे.
दुसरं कामच काय होतं मला.
अकरा मॅच, चौदा गोल.
कोल्हापूरची गोलकीपर नंतर चहा पिताना म्हणाली,
ती समोर आली की तोंडातून आपोआपच निघतं गं,
नको.

परतीच्या बसमध्ये, लोणावळ्याच्या पुढे,
तू प्लास्टिकचं फोल्डर उघडलंस.
कंपाला. नैरोबी. तुर्कस्तानातलं एक गाव,
त्याचं नाव तुलाही नीट घेता येईना.
काठमांडू. पुणे.
सहा-सहा महिन्यांचे करार,
पोलिसांकडच्या नोंदणीचे कागद,
आणि मध्ये कुठेतरी उजव्या गुडघ्याचा फोटो,
पांढरा, धुरकट, बाळाच्या सोनोग्राफीसारखा.
सत्तावीसची आहे मी, म्हणालीस. अजून तीन वर्षं.
मग फोटो खिडकीच्या उजेडात धरून :
हा म्हणतो, दोन.

शेवटच्या मॅचला सत्तराव्या मिनिटाला
सरांनी तुझ्या जागी मला पाठवलं.
बाहेर येताना तू कानाशी वाकलीस,
त्यांची चार नंबर डावीकडे बघतच नाही.
खरंच बघत नव्हती.
चेंडू आला, गोल मोकळा,
आणि मी तो उडवला बारच्या वरून,
थेट पलीकडच्या रिक्षा स्टँडवर.
तू टाळ्या वाजवल्यास. त्याचा मला अजून राग येतो.

फेब्रुवारीत बिल्डरसाहेबांनी हात वर केले,
क्लबचे दोन पगार बुडाले.
आता ताश्कंद, म्हणालीस, तिकडे बर्फ असतो म्हणे.
रात्री दीडला दापोडीहून विमानतळाची गाडी.
जाताना बूट देऊन गेलीस मला.
बेचाळीस नंबर. माझा सदतीस.
कापूस कोंबूनही पाहिला, खोटं कशाला बोलू.

तुझं डिपॉझिट अजून त्याच्याकडेच आहे.
दर रविवारी सराव संपला की मी जाते.
तो म्हणतो, रंग काढायचाय, नळ गळतो,
पुढच्या महिन्यात बघू.
मी भांडत नाही.
चालत जाते, वाणसामान आणायला निघाल्यासारखी,
जिन्यात त्याच्या बायकोशी दोन शब्द बोलते
आणि त्याची मान वळायची वाट बघते.