चौथं घड्याळ

रिसेप्शनच्या भिंतीवर चार घड्याळं:
दुबई, सिंगापूर, लंडन, देवगड.
सेल बदलायचं काम माझ्याकडे.
दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे,
लंडनचा काटा वर्षातून दोनदा हलवायचा,
तशी ईमेल येते.

सड्याचा हा तुकडा आम्हा तारींचा.
सातबाऱ्यावर तेवीस नावं, आणि पुढे: पोटखराबा.
गवत तेवढं व्हायचं.
आता तिथे काचेतून
जोडे न काढता समुद्र दिसतो.

मे महिन्यात देवगडचं घड्याळ बंद पडलं.
मी सेल घातला नाही. बघूया म्हटलं.
नऊ दिवस कोणी काही बोललं नाही.

दहाव्या दिवशी झुबेर मुकादम,
दुबई कॅम्पसचा, आजोळ म्हणे राजिवड्याचं,
विचारतो, काका, पाणी कधी उतरेल?
खडपांवरून पलीकडे जायचंय.

आज षष्ठी. साहाचे पाऊणपट साडेचार.
साडेचारला भरती, साडेदहाला सुकती.
त्याने उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला,
प्रतिपदेपासून पंधरा ओळी मांडल्या.
नवमीला चुकला. पावणेसात रे, पावणेआठ नाही.
हसला. फी किती भरतो, मी विचारलं नाही.
आमच्या वाट्याला गुंठ्यामागे काय आलं,
त्यानेही नाही.

आता तो सिंगापूरला. काल मेसेज:
काका, आज तिथी काय?
एकादशी, मी कळवलं.
तिथला समुद्र पाऊणपटीत बसतो का, कोण जाणे.

आज शिडीवर
ते एक घड्याळ जरा जास्त वेळ पुसलं.