अर्धा तास

काट्यापाशी उभी राहण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली,
वार्डोच्या धक्क्यावर, कॉड माशांच्या कारखान्यात.
पारडं खाली गेलं की पेटी पुढे सरकवायची,
वरच राहिलं की आणखी एक मासा.
तोलणं इतकं सोपं असायचं.
लोक म्हणायचे, गुनवोर हाडाची कामसू.

आता डॉक्टरांच्या पडद्यावर तेच हाड:
राखी, विरलेलं,
उन्हापावसात टांगून राहिलेल्या जाळ्यासारखं.
"उणे दोन पूर्णांक नऊ," एस्किल म्हणाला.
(त्याच्या आईच्या हातात पहिली सुरी मी दिली होती.)
मला उणे कळतं ते थर्मामीटरचं.
उणे तीनला इथे कुणी मफलरही शोधत नाही.

आठवड्याला एक गोळी.
उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
कॉफीही नाही.
हे त्याने दोनदा सांगितलं.

डबीतला घडीचा कागद टेबलभर उलगडला.
मुंगीएवढी अक्षरं:
घशाशी जळजळ. क्वचित जबड्याचं हाड.
क्वचित मांडीचं.
क्वचित हा शब्द मी जिभेवर घोळवत बसले.
बोटीही क्वचितच परतायच्या नाहीत.
बाबा त्या क्वचितातच गेले.

ओडलाउग, माझी धाकटी बहीण,
गोळ्यांना ती चिकटवलेलं हाड म्हणते.
"लाकडं उचल. जिना चढ. हेरिंग खा.
नावात र असलेल्या प्रत्येक महिन्यात
माशाच्या तेलाचा चमचा, आईसारखा."
आई शेवटची चार वर्षं
स्वतःच्याच पायांशी बोलत असल्यासारखी वाकून चालायची,
हे आम्ही दोघीही बोललो नाही.

डबी साखरेच्या डब्यामागे गेली.
उन्हाळाभर मी चालले, रात्री अकराच्या उन्हात,
दीपस्तंभापर्यंत आणि परत.
मंगळवारी चर्चच्या तळघरात
आम्ही नऊ म्हाताऱ्या एका पायावर उभ्या,
एकमेकींकडे बघायचं नाही, हसू आलं की तोल गेला.
मांडीत जोर आला. खरंच आला.
गालिचा गुंडाळून पोटमाळ्यावर टाकला.

ऑक्टोबरात दाराची चौकट रंगवायला काढली.
तिच्यावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलरेघा,
आणि त्यांच्या हट्टापायी काढलेली माझी एक.
पाठ टेकून उभी राहिले, डोक्यावर पुस्तक धरलं.
चार सेंटिमीटर.
कुठे गेले, कुठे सांडले, आवाजही न करता.
तेवढी पट्टी मी रंगवली नाही.

मग ओडलाउग पडली.
टपालपेटीपर्यंतच जायचं म्हणून
काटेरी तळ न लावता, घरातल्या सपाता घालून.
मनगट. दोन ठिकाणी.
माझ्यापेक्षा जास्त लाकडं उचलणारी बाई.
मला वाटलं, लागला निकाल.
एस्किल म्हणाला, "निकाल कसला?
चालण्याने माणूस कमी पडतं.
गोळीने, पडलंच तर, मोडायची शक्यता कमी होते.
दोन वेगळी कामं आहेत, गुनवोर.
आधी दात दाखवून घ्या. पाच वर्षांनी पुन्हा बघू."
पाच वर्षांनी! मी चौऱ्याहत्तरची.
त्याचा आशावाद मला आवडला,
हाडांबद्दल अजून खात्री नाही.

आज रविवार. सूर्य जानेवारीपर्यंत यायचा नाही.
गोळी गिळली. चव खडूसारखी, की मलाच तसं वाटलं?
ओट्याची कड धरून टाचा उचलते,
खाली ठेवते, उचलते.
नाहीतरी उभंच राहायचंय.
समोरच्या घरात दिवा लागला,
ओडलाउग प्लास्टरमधला हात खिडकीशी धरून
कॉफीचा कप दाखवते आहे, मुद्दाम.

घड्याळात अजून बावीस मिनिटं.