कडेची पात

इतवाऱ्यात इसाकभाईच्या टपरीसमोर
मी पितळेचा पत्रा धरून उभी.
नवसागराचा धूर, डोळ्यांत पाणी,
कागदावर माझे आकडे:
तोंड चौदा बाय दहा, लांबी सतरा.

"एवढंच तोंड? काहून ओ म्याडम?
फाकवा की अजून.
तीस वर्षं लग्नाचे भोंगे ठोकतोय मी.
तोंड मोठं, तर आवाज लांब."

मला वाटलं, असेलही.
केलं वीस बाय सोळा. लांबी तीच.
दुपारभर मोगरीची ठकठक.

संध्याकाळी कॉलेजच्या गच्चीवर मी,
समोरच्या इमारतीवर माणिक दुसरा हॉर्न धरून.
दहा गिगाहर्ट्झ.
वीस डीबी हवे होते,
सुई सोळाच्या आसपास घुटमळत राहिली.

तेव्हा गयामावशी आठवली.
खुरपणीला ती कायम कडेची पात धरायची,
बांधालगतची, तिरपी.
मधल्या बायका धुऱ्याला पोचून
पदरानं वारा घ्यायच्या,
ती अजून मागून येतच असायची.
खुरपं मंद नव्हतं तिचं.
वाट लांब होती.

लाट गळ्यातून एकच निघते.
मधली सरळ तोंडाशी येते,
कडेची पत्र्याच्या उतारानं.
तोंड फाकवाल तितकी ती मागं,
आणि फारच मागं पडली
की मधलीनं मांडलेलं खोडत येते.

मग तोंड आवळावं?
तेही कागदावर करून पाहिलं.
सगळ्या वेळेवर पोचतात,
पण पातीच दोन-चार.

उत्तर मध्येच कुठंतरी बसलेलं:
उभ्या अंगाला पाव लाट उशीर चालतो,
आडव्याला जरा जास्त.
तीन सेंटिमीटरची लाट,
म्हणजे साडेसात मिलिमीटर.
शून्य नाही. साडेसात.
पट्टीवर ते अंतर मी कितीदा पाहिलं,
मावशीच्या करंगळीच्या नखाएवढं.
एवढं थांबायला हवं होतं कुणीतरी धुऱ्यावर.

सोमवारी नवा पत्रा, पुन्हा कातर.
चौदा बाय दहा.
एकोणीस पॉइंट सहा.
माणिक काहीतरी ओरडला,
ऐकू आलं नाही, हात दिसला.

पहिला हॉर्न इसाकभाईनं ठेवून घेतला,
आतून कल्हई केली, खाली नळी डाकवली.
मोंढ्यात आता करडईचं तेल
त्यातून डब्यांत उतरतं.
"बघा, म्हणलं नव्हतं?
तोंड मोठंच पाहिजे."